धामणदऱ्याची आत्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर धामणदऱ्याच्या ओढ्याला तेव्हा वैशाखातही पाणी असायचं, आणि पलीकडे वाघ पाणी पीत असला तर बायका "आटप रे बाबा, आमच्या चुली खोळंबल्यात" असं म्हणून घागरी घेऊन वाट बघत उभ्या राहायच्या. असं म्हणतात बरं का. खरं-खोटं त्या वाघाला ठाऊक.

त्या काळी धामणदऱ्यात एक आत्या राहायची. कुणाची आत्या? अहो, सगळ्यांची. पाटलाची, कुंभाराची, गुरवाची, धनगराची. म्हातारे तिला आत्या म्हणायचे, कालचं पोर तिला आत्या म्हणायचं. तिची शेळीसुद्धा ‘आत्या’ म्हटलं की कान टवकारायची.

आणि तिचं नाव काय? थांबा जरा. तिथंच तर सगळी गोष्ट अडकलीय.

ही आत्या ऐन तरुणपणी सासरहून परत आली. नवरा पटकीत गेला आणि सासरच्यांनी बोचकं हातात दिलं. माहेरी आईबाप उरले नव्हते, पाठीला भाऊ नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला एक खोपट, एक शेळी, परड्यात वाळकांचे चार वेल, एवढाच तिचा संसार. गाव वाईट नव्हतं, पण तिला हाक मारून बोलावणारंही कुणी नव्हतं.

एकदा कुंभाराच्या घरी बारसं होतं. आता बारसं म्हटलं की बाळाची आत्या आलीच. तिनं पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. ती वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. का घालायचे ते कुणाला सांगता येत नाही, पण घालायला सगळ्यांना आवडतं. तर कुंभाराची बहीण मानाच्या लुगड्यावरून रुसून बसली आणि आलीच नाही. इकडे बाळ सकाळपासून टाहो फोडतंय, घुगऱ्या निवल्या, बायका कंटाळल्या, आणि कुंभारीण कोपऱ्यात डोळ्यांना पदर लावून बसली.

ही बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन दारावरून चालली होती. तिनं भारा अंगणात टाकला, हात धुतले, सरळ आत गेली आणि पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र!" म्हणाली आणि बाळाच्या कानात तिनं एक नाव सांगितलं. बाळ रडायचं थांबलं आणि फिसकन हसलं. बारा दिवसांचं पोर हसलं! बायका भान विसरल्या आणि सगळ्यांनी मिळून तिच्या पाठीत असे धपाटे घातले की बाहेर बांधलेलं गाढव दचकलं.

ती उठेचना. वाकल्या वाकल्या हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मारा गं, जोरात मारा," ती म्हणाली. "किती वर्षं झाली, पाठीला कुणाचा हात लागला नव्हता."

त्या दिवसापासून ती आत्या झाली. ज्याला बहीण नाही त्याच्या घरी तिला बोलावणं जायचं. पुढंपुढं ज्यांना बहिणी होत्या तेही तिलाच बोलावायला लागले, आणि बहिणी रुसायला लागल्या. पण करता काय? आत्याच्या नावाला गुणच तसा होता. मूल जन्मलं की ती अकरा दिवस रोज येऊन त्याच्यापाशी बसायची. ते मूठ कशी वळतं, शिंकतं कसं, रागावलं की कुठला पाय आधी झाडतं, सगळं बघायची. मनात नाव ठरलं की गालात एक सुपारी धरायची. बाराव्या दिवसापर्यंत ते नाव तिच्या तोंडून देवालासुद्धा काढून घेता यायचं नाही.

आणि नाव लागू पडायचं! काडीसारख्या पोराचं नाव तिनं भीमा ठेवलं, तर त्यानं सोळाव्या वर्षी देवळापुढची कललेली दीपमाळ एकट्यानं सरळ केली. वैजा नावाच्या पोरीला वैद्यकी कुणी शिकवली नाही, पण तिनं हात फिरवला की गाईचं फुगलेलं पोट उतरायचं. असं म्हणतात. एकदा धुक्यात लोहाराचं पोर डोंगरात हरवलं. दोन दिवस माणसं ओरडून दमली. मग आत्या खोपटासमोरच्या मोठ्या दगडावर चढली आणि तिनं स्वतः ठेवलेल्या नावानं एकच हाक मारली. समोरच्या तिन्ही डोंगरांनी ती हाक एकमेकांच्या हातात दिली आणि तिसऱ्या डोंगरामागून "ओ!" आलं. पोर संध्याकाळच्या आत घरी येऊन भाकरी खात होतं.

आत्याला राग म्हणून यायचा नाही. फक्त एका गोष्टीचा यायचा, आणि ती गोष्ट तुळसाच्या घरात घडायची.

तुळसा ही रानबाची बायको. घर ओढ्याच्या काठावर. सासू भागूबाई, म्हणजे जिभेनं मिरची आणि हातानं गूळ. तुळसाला पहिली मुलगी झाली, गावानं साखर वाटली. दुसरीही मुलगीच झाली. तिसऱ्या वेळीही मुलगी, तेव्हा भागूबाई म्हणाली, "हिचं नाव नकुशी ठेवू. नकुशी ठेवली की पुढच्या पोरी वाटेतनंच परत जातात."

तिथं बसलेली आत्या ताडकन उठली. गालातली सुपारी थुंकली. "भागे, पोरगी म्हंजी काय दारात आलेलं कुत्रं हाय व्हय, हाड म्हणायला? खबरदार तोंडातनं ते नाव काढशील तर!" आणि बाराव्या दिवशी तिनं त्या चिमुरडीच्या कानात सांगितलं, वैजयंता! नाव ऐकूनच ते दोन खणांचं घर ऐसपैस वाटायला लागलं. भागूबाई चार दिवस फुगून बसली आणि पाचव्या दिवशी स्वतःच "वैजयंते, ये गं माझे बाय" करत न्हाऊ घालायला लागली.

चौथ्या खेपेला एका पहाटे तुळसाला पुन्हा मुलगी झाली. तुळसा भिंतीकडे तोंड करून पडली. या खेपेला सासूला अडवणं कठीण आहे, हे तिला कळत होतं. तेवढ्यात उजाडता उजाडता आत्या आली. तोवर ती पार पिकली होती, सत्तरी कधीच ओलांडली होती. तिनं पोरीला मांडीवर घेतलं, बोट पुढं केलं आणि पोरीनं ते असं घट्ट धरलं की सोडीचना. आत्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली.

"तुळसे, या खेपेला अकरा दिस बघायची गरज न्हाई. नाव सापडलं."

"कंचं गं, आत्या?"

"बाराव्या दिवशी ऐक. पर एवढं सांगते, या गावात आजवर ते कुणाचंच न्हाई. मी कुणाला दिलंच न्हाई. चांगलं लुगडं ठेवावं तसं घडी घालून ठेवलं होतं." असं म्हणून तिनं गालात सुपारी टाकली आणि हसत हसत घरी गेली.

आणि त्याच दिवशी जेवणवेळेला आत्या आपल्या दगडाला पाठ टेकून बसली, ती बसल्या जागीच गेली. शेळी शेजारी उभी होती. गालात सुपारी तशीच होती.

सगळं गाव रडलं. खांदा द्यायला इतके जण धावले की तिरडी कुणाच्या खांद्यावर टिकेना, नुसती हातांवरून ओढ्यापर्यंत वाहत गेली. असं म्हणतात की आत्याला त्या दिवशी जमीन लागलीच नाही.

आता पुढं गावानं काय केलं ते ऐका, आणि हसायचं असेल तर खुशाल हसा. ज्या घरात माणूस जातं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून घालतात. रीत आहे ती. पण आत्या तर प्रत्येकाची होती! म्हणून झाडून सगळ्या घरांनी सुतक धरलं. एकाही घरात चूल पेटली नाही. सगळे आपापल्या दारात बसले आणि शेजाऱ्याच्या पिठल्याची वाट बघायला लागले. कुंभार लोहाराच्या घराकडे बघतोय, लोहार गुरवाच्या, आणि गुरव कुंभाराच्या. संध्याकाळ झाली, पिठलं नाही. दुसरा दिवस उजाडला, तरी पिठलं नाही. "माणुसकी राहिली न्हाई बघा," जो तो पुटपुटत होता. पोरं भुकेनं कळवळली, कुत्री गाव सोडून निघाली.

शेवटी भागूबाईच्या ध्यानात आलं. घरात ओली बाळंतीण उपाशी, तिला बघवेना. ती चावडीपुढं येऊन ओरडली, "अरं मुडद्यांनो, समद्यांचंच माणूस गेलंय, मग पिठलं आणणार कोण? आत्या की काय?"

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि बघता बघता सगळं गाव पोट धरून हसलं, आणि हसता हसता पुन्हा रडलं. मग तोड काढली. कुंभारणीनं लोहाराच्या घरी जाऊन चूल पेटवली, लोहारणीनं गुरवाच्या, गुरवीण भागूबाईच्या घरी आली आणि भागूबाई कुंभाराकडे गेली. कुणी आपल्या घरी शिजवलं नाही आणि कुणी उपाशी राहिलं नाही.

पण तुळसाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. तिला एकच घोर. आत्या गेली, तिच्याबरोबर नावही गेलं. आल्यागेल्याला ती विचारायची, "तुला काय बोलली व्हती का आत्या?" सगळे माना हलवायचे. एकटी असली की ती आत्यालाच भांडायची, "सुपारी काय पळून चालली व्हती? नाव सांगून तरी जायचं!" आणि भागूबाई आता मऊ आवाजात म्हणायची, "तुळसे, आडवणारी गेली. आता नकुशीच म्हणू. नावानं काय अंगाला भोकं पडत्यात?" मऊ आवाजातलं ते बोलणं तुळसाला जास्त लागायचं, कारण मऊ बोलणाऱ्याशी भांडता येत नाही. रानबा बिचारा आईकडे बघायचा, बायकोकडे बघायचा आणि बैलाला पाणी दाखवायला जायचा.

दहावा दिवस आला. गावचे सगळे पुरुष ओढ्यावर जमले. पलीकडच्या गावाहून भटजी आले होते. त्यांनी दर्भ मांडले आणि विचारलं, "गेलेल्या बाईंचं नाव?"

"आत्या," गाव म्हणालं.

"अहो, ते नातं झालं. नाव सांगा."

गाव एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलं. गावातल्या प्रत्येकाला जिनं नाव दिलं, तिचं नाव कुणालाच सांगता येईना. पन्नास वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. भीमानं खाली मान घातली. दीपमाळ सरळ करणारा गडी, पण त्याला त्या क्षणी मान वर करता येईना.

मग कुणीतरी कोंडाजीबाबांना खुणांनी विचारलं आणि ते बोलले. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, आत्याच्या बरोबरीचा. कानांनी ठार बहिरे, त्यामुळं बोलायचे ते चार शेतांपलीकडं ऐकू जाईल असं. वर काठावरच्या घरात पोरीला घेऊन बसलेल्या तुळसाला शब्द न् शब्द ऐकू आला.

"नकुशी! नकुशी नाव तिचं! पाचवी पोर. तिच्या बारशाला पाळणाबी न्हाई टांगला. आजीनं सुपातनंच सांगितलं, नकुशी म्हणा!"

तुळसानं मांडीवरच्या पोरीकडे बघितलं. आत्या त्या नावावर का चवताळायची ते तिला आज कळलं.

भटजींनी नकुशी म्हणून पिंड ठेवला. समोर उंबरावर कावळा बसला होता. त्यानं पिंडाकडे बघितलं आणि पाठ फिरवली. कावळा शिवत नाही म्हणजे जीव कशात तरी अडकलाय. मग काय, गाव वचनं द्यायला लागलं. "आत्या, तुझी शेळी मी सांभाळीन." कावळा ढिम्म. "आत्या, तुझ्या खोपटावर नवं गवत घालतो." ढिम्म. बांधावरून दहा वर्षं तोंड न बघणारे दोघे भाऊ पुढं आले आणि गळ्यात गळा घालून म्हणाले, "आत्या, बांध मोडला बघ." कावळ्यानं पंख साफ केले. गुरव तर रडत रडत म्हणाला, "आत्या, तुझी वाळकं दरसाल मीच चोरत व्हतो!" सगळ्यांना हसू फुटलं. कावळा काही हलला नाही.

"ती कशाला येईल त्या नावाला?" कोंडाजीबाबा पुन्हा गरजले. "ल्हानपणी आमी वरवंट्याचं बारसं करायचो. तवा वरवंटा बाजूला ठिवून हीच झोळीत जाऊन बसायची अन् म्हणायची, माझं नाव हौसा ठेवा! आमी हसायचो. मीबी हसलो. एकदाबी तिला त्या नावानं हाक न्हाई मारली रं." आणि एवढा मोठा आवाज एकदम तुटला.

हौसा! तुळसा ताठ उभी राहिली. आसपासच्या प्रत्येक गावात पाच-पाच हौसा होत्या. तिच्या स्वतःच्या माहेरी तीन होत्या. आणि धामणदऱ्यात? शेकडो पोरांची नावं ठेवली आत्यानं, पण हौसा एकही नाही. घडी घालून ठेवलेलं लुगडं!

तिनं पोरीला छातीशी धरलं आणि ती ओढ्याकडे धावली. "अगं, दहा दिसांची बाळंतीण तू! तिथं बायका जात न्हाईत!" भागूबाई मागून ओरडत होती, पण तुळसा थांबली नाही. पुरुष बाजूला झाले. ती पिंडापुढं उभी राहिली आणि उंबराकडे बघून म्हणाली, "हौसाआत्या! नाव कळलं गं मला. तू जे कुणाला दिलं न्हाईस ते माझ्या लेकीला देऊन चालली व्हतीस. ती घेईल. पर आदी ते तुझं. हौसा, ये गं, जेवून घे."

कावळा उंबरावरून सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. एक नाही, कुठून कुठून कावळे आले. असं म्हणतात की त्या दिवशी उंबराचं पान दिसत नव्हतं. भटजींनी सगळे मंत्र पहिल्यापासून पुन्हा म्हटले, हौसा म्हणून, आणि एका शब्दानं कुरकुर केली नाही.

धापा टाकत भागूबाई पोचली तेव्हा हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. ती मटकन खाली बसली. "तुळसे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता असा बारीक होता, "माझं माहेरचं नावबी नकुशीच हाय. माझ्यामागं भाऊ झाला, तवा समदी म्हणाली नाव लाभलं. मला वाटायचं, तेवढाच माझा गुण."

तुळसा सासूशेजारी बसली. लहान मुलाला विचारावं तसं तिनं विचारलं, "सासूबाई, तुमाला कंचं नाव हवं व्हतं?"

भागूबाई लाजली. पंचावन्न वर्षांची बाई, नाकापर्यंत लाल झाली. "मैना," ती म्हणाली. "हसू नका."

हसलं कुणीच नाही. दोन दिवसांनी आत्याच्या दगडापाशी, भर सकाळी, धामणदऱ्यात बारसं झालं. एका बाजूला आत्याच्या लुगड्याची झोळी, तिच्यात तुळसाची लेक. आधी सगळ्या गावानं रिकाम्या दगडाकडे वाकून "कुर्रर्र, हौसा!" म्हटलं. तिन्ही डोंगरांनी ते नाव परत म्हटलं. मग तेच नाव लेकीच्या कानात. मग तुळसा सासूच्या कानाशी वाकली, "कुर्रर्र, मैना!" आणि धपाटे घालायला सगळ्यात पुढं कोण, तर खुद्द मैनाबाई! सतरा वर्षांत द्यायचा उरलेला सासुरवास तिनं तुळसाच्या पाठीत त्या धपाट्यांतून दिला, आणि तुळसा ओरडत होती, "मारा, जोरात मारा!"

त्याला आता किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. पण धामणदऱ्यात आजही दरवर्षी आत्याच्या दिवशी, म्हणजे ती गेली त्या तिथीला, कुणी आपल्या घरी शिजवत नाही. प्रत्येक बाई शेजारणीच्या घरी जाऊन चूल पेटवते, आणि मीठ कमी पडलं तरी कुणी कुणाला बोलत नाही. गावात नकुशी नावाची मुलगी नाही. बाहेरून नकुशी नावाची सून आली, तर तिला आधी दगडापाशी नेतात आणि विचारतात, "तुला कुठलं नाव हवं?" आणि जी कुणी नाव सांगायला वाकते तिला त्या दिवसापुरतं सगळे हौसाआत्याच म्हणतात.

मागं एकदा आत्याच्या दिवशी तीन डोंगर चालून नकुशी नावाची एक म्हातारी आली होती. साठीची असेल. दगडावर बसली. हौसाआत्या झालेल्या बाईनं विचारलं, "मावशी, कुठलं नाव हवं?" म्हातारीला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळं तिनं विचारच केला नव्हता. बायका थांबल्या. ऊन चढलं, शेजारणींच्या घरी शिजलेलं अन्न निवून गेलं, पण कुणी घाई केली नाही. शेवटी म्हातारीनं हौसाआत्याचं डोकं जवळ ओढलं आणि तिच्या कानात हळूच काहीतरी सांगितलं.

"कुर्रर्र, चांदणी!" हौसाआत्या ओरडली. डोंगरांनी ते नाव नीट एकामागून एक म्हटलं. बायकांनी हौसाआत्याच्या पाठीत दणादण धपाटे घातले, सगळीकडे हसणं उसळलं.

चांदणीबाई जराशी बघत राहिली. मग ती दगडावर वळली, आपली पाठ बायकांकडे केली, आणि पदर खांद्यावर सारखा करत म्हणाली, "मलाबी घाला की गं एक."